तीन महिन्यांनंतरचं दुखणं

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



विषय दुखण्याचा आहे म्हटल्यावर पुढच्या रांगा आज लवकर भरल्या, हे मी इथून पाहिलं. गुडघा, कंबर, खांदा यांविषयी चार उपयोगाच्या गोष्टी पदरात पडतील अशा हिशेबानं कुणी आलं असेल, तर त्यांची निराशा होणार आहे. मी मागच्या रांगांविषयी बोलणार आहे. तिथं सतरा ते सत्तावीस वयाची मुलंमुली बसली आहेत, आणि त्यांचं काही दुखत असेल असं आपल्या मनातही येत नाही. ‘या वयात कसली आलीय कंबरदुखी? आम्ही तुमच्या वयात...’ इथून पुढचं वाक्य प्रत्येक घरात वेगळं असतं, सुरुवात एकच. या मुलांबरोबर आणखी एका गटाविषयी बोलायचं आहे. कराड, मिरज, सांगली आणि साताऱ्याच्या महाविद्यालयांत शिकणारे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी हातात छापील फॉर्म घेऊन या मुलांना विचारत फिरतात : कुठं दुखतं, किती दिवस दुखतं, झोप लागते का, मन उदास असतं का. त्यांच्या त्या फॉर्मचं पुढं काय होतं, हा माझा आजचा खरा विषय.

तालमींच्या या मुलखात वेदनेच्या शास्त्राची ओळख एका पैलवानापासून करून देणं बरं. जॉन बोनिका यांचा जन्म १९१७ साली सिसिलीजवळच्या फिलिकुडी नावाच्या छोट्या बेटावरचा. लहानपणीच ते कुटुंबाबरोबर अमेरिकेत गेले. डॉक्टरकीचा खर्च पेलवेना म्हणून व्यावसायिक कुस्त्या धरू लागले. डॉक्टर झाल्यावरही आखाडा सुटला नाही. तोंडावर मुखवटा चढवून ‘मास्क्ड मार्व्हल’ या नावानं ते खेळत राहिले. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या मॅडिगन रुग्णालयात भूल विभाग त्यांच्याकडे आला. जखम भरून आलेली, टाके निघालेले, तरीही दुखणं काही केल्या न थांबणारे सैनिक त्यांनी तिथं पाहिले. एक डॉक्टर दुसऱ्याकडे चिठ्ठी देतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि प्रत्येकाच्या मते ‘आमच्याकडचं काही नाही’. मग बोनिकांनी हाडांचा डॉक्टर, मेंदूचा डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना जेवणाच्या टेबलाशी एकत्र बसवून एकेका रुग्णाची चर्चा सुरू केली. वेदनेवरचा त्यांचा भलामोठा ग्रंथ १९५३ साली आला, आणि वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना पुढे सत्तरच्या दशकात त्यांच्याच पुढाकारानं उभी राहिली. कुस्तीनं दिलेली दुखापत त्यांना मरेपर्यंत पुरली. सांधे, खांदे यांवर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. दुखणं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

या संघटनेनं २०२० साली वेदनेची आपली व्याख्या सुधारली. तिचा आशय असा, की वेदना हा शरीराला जाणवणारा आणि त्याच वेळी भावनेचाही अनुभव आहे. तो ऊतींना इजा झाली म्हणून येतो, किंवा इजा झाल्यासारखा येतो. या ‘झाल्यासारखा’मध्ये सगळं आलं. इजा सापडली नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात, आणि आजारांच्या जागतिक वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ च्या जानेवारीत लागू झाली तेव्हापासून अशी वेदना स्वतःच एक आजार म्हणून नोंदवता येते. त्याआधी ती कायम दुसऱ्या कशाचं तरी लक्षण असायची; ते ‘दुसरं’ सापडलं नाही की रुग्ण वाऱ्यावर.

हे कसं घडतं? रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं, की शरीराकडून येणारा वेदनेचा संदेश मज्जारज्जूत एका फाटकातून जातो, आणि ते फाटक किती उघडायचं हे मेंदूकडून खाली येणारे संदेशही ठरवतात. भीती, जागरण, सतत तिकडेच लागलेलं लक्ष यांनी ते अधिक उघडतं. त्यांच्या मांडणीतला तपशील पुढं बराच बदलला, पण वेदना ही एकेरी वाहतूक नाही हे तेव्हा कळलं ते कायमचं. त्यानंतरच्या संशोधनानं दाखवलं, की संदेश वारंवार आले की मज्जासंस्थाच हळवी होते. साखर कारखान्याचा भोंगा पाळी बदलताना वाजतो आणि थांबतो. तो अडकून वाजतच राहिला, तर आवाज खोटा आहे असं गावात कुणी म्हणणार नाही. पण पाळी बदलली का हे बघायला दहादा कारखान्यात जाऊनही काही हाती लागणार नाही, कारण बिघाड भोंग्यात आहे. आपल्याकडे तरुण मुलाची कंबर सहा महिने दुखली की उधारउसनवार करून एमआरआय काढतात, तो ‘नॉर्मल’ येतो, आणि घरची माणसं म्हणतात, ‘बघ, काही नाही तुला.’ त्या दिवसापासून मुलगा दुखतंय म्हणायचं सोडतो. दुखायचं थांबलेलं नसतं.

जगभरच्या अभ्यासांची २०२४ साली जी एकत्रित मोजदाद झाली तिच्यात दीर्घकालीन वेदना असलेल्या मुलांचं आणि किशोरांचं प्रमाण २०.८ टक्के निघालं. पाचातलं एक. डोकं, पोट, पाठ आणि हातपाय ही नेहमीची ठिकाणं, आणि मुलींत प्रमाण अधिक. भारतात मनाच्या आजारांची मोठी पाहणी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केली. तेरा ते सतरा वयोगटात ७.३ टक्के मुलांना निदान होईल असा मानसिक त्रास आढळला. हा आकडा आपल्याकडे भाषणांतून सर्रास फेकला जातो, म्हणून सांगतो : ती पाहणी बारा राज्यांत झाली आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. गुजरात होता, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होतं. आपल्या सांगली-साताऱ्यातल्या जत, आटपाडी, माण आणि खटाव इथल्या मुलांविषयी त्या अहवालात एक ओळ नाही.

मग इथल्या मुलांना विचारतं कोण? हे पदव्युत्तर विद्यार्थी. दुसरं कुणी नाही.

डॉक्टरकीच्या जगाबाहेरच्या श्रोत्यांसाठी ही प्रबंधाची भानगड जरा सांगायला हवी. एमडीला तीन वर्षं, फिजिओथेरपीच्या एमपीटीला दोन. दोघांनाही प्रबंध सक्तीचा. पहिल्याच वर्षी विषय ठरवायचा, सिनॉप्सिस म्हणजे प्रबंधाचा आराखडा लिहायचा, गाइडची सही घ्यायची, नैतिकता समितीपुढं उभं राहायचं. नमुना किती मोठा हवा ते संख्याशास्त्राच्या सरांना विचारायचं आणि त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून तोंड कडू करायचं. मग ओपीडी, वॉर्ड, रात्रपाळ्या सांभाळून शंभर-दोनशे माणसं गाठायची, सगळ्यांच्या उत्तरांचा तक्ता म्हणजे मास्टर चार्ट भरायचा, आणि शेवटच्या महिन्यात छपाईवाल्याच्या दारात बसायचं. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. एक प्रत विद्यापीठाला, एक ग्रंथालयाला, एक विभागाला, एक आईवडिलांच्या शोकेसमध्ये. पीएचडीचे प्रबंध निदान ‘शोधगंगा’ या ऑनलाइन भांडारावर चढतात. एमडी-एमपीटीचे बहुतेक कपाटात जातात, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते जेवायला गेलेले असतात.

हे थट्टेनं म्हटलं तरी त्या कपाटांविषयी मला आदर आहे. १८८९ साली विल्यम वानलेस या भागात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं मिशन रुग्णालय सुरू झालं. १९६२ साली मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, त्याच वर्षी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, ज्याच्या छायेत सांगली-साताऱ्याची बहुतेक बिगरवैद्यकीय महाविद्यालयं येतात. ऐंशीच्या दशकात कराडला कृष्णा संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय. सांगलीत भारती विद्यापीठाचं, आणि आता साताऱ्यालाही सरकारी महाविद्यालय. दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात इतकी वैद्यकीय शिक्षणाची केंद्रं असणं ही साधी गोष्ट नाही. माणसाला प्रश्न विचारायला शिकवलेले इतके तरुण हात राज्यात फार थोड्या ग्रामीण भागांत एकत्र सापडतील.

पण हे हात एकमेकांना लागत नाहीत. फिजिओथेरपीची विद्यार्थिनी ज्युनिअर कॉलेजात जाते आणि मान, खांदा, कंबर विचारते. तिच्याजवळ बहुधा ‘नॉर्डिक’ प्रश्नावली असते; शरीराचे नऊ भाग, गेल्या बारा महिन्यांत दुखलं का, गेल्या सात दिवसांत दुखलं का. मनाचा रकाना तिच्यात नाही. मानसशास्त्राचा एमएचा विद्यार्थी त्याच कॉलेजात येतो आणि चिंता, ताण, आत्मविश्वास मोजतो. शरीराचा रकाना त्याच्या फॉर्ममध्ये नाही. सामाजिक वैद्यकशास्त्राचा निवासी डॉक्टर त्याच गावात हिमोग्लोबिन तपासतो. मानसोपचार विभागातला निवासी डॉक्टर कुठेच जात नाही. त्याच्याकडे मुलगी पोचते तेव्हा फार उशीर झालेला असतो. बारावीतल्या एकाच मुलीनं तिघांचे फॉर्म भरले, असं होऊ शकतं. तिघांकडे तिचा एकेक तुकडा आहे, आणि तीन कपाटं तीन गावांत.

आता ज्यांना प्रश्न विचारायचे त्यांच्याकडे वळू. सगळ्या तरुणांचं दुखणं एका मापानं मोजता येत नाही, कारण प्रत्येकाजवळ ते लपवण्याचं वेगळं कारण आहे.

साताऱ्याजवळ अपशिंगे आहे; लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथली पोरं फौजेत आहेत. पण भरतीची तयारी आता एका गावाची राहिलेली नाही. पहाटे कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याला जा, अंधारात पोरं पळताना दिसतात. पोलीस भरतीला मुलांसाठी सोळाशे मीटर, मुलींसाठी आठशे. अग्निवीरलाही एक पूर्णांक सहा किलोमीटरची दौड. डांबरी रस्ता, झिजलेले बूट, रिकामं पोट. नडगी ठणकायला लागते. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग रात्री झोपेतही. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते; चार-सहा आठवडे विश्रांती घेतली तर बहुतेक बरी होते. पण भरती दोन महिन्यांवर असताना विश्रांतीचा शब्द कोण काढणार? मेडिकलमधून गोळी आणायची, स्प्रे मारायचा आणि पळायचं. या पोराला कुणी छापील फॉर्म देऊन ‘तुम्हाला कुठं वेदना होतात का’ विचारलं, तर तो ठामपणे ‘नाही’ लिहील. फॉर्मवर कॉलेजचा शिक्का असतो, आणि शिक्का दिसला की त्याला ‘अनफिट’ हा शब्द दिसतो. त्याच्या नाहीवर आधारलेला आलेख सुबक निघेल आणि साफ खोटा असेल. यात मुलाचा दोष नाही. फॉर्म भरून घेणाऱ्यानं आधी चार पहाटा त्या रस्त्यावर उभं राहायला हवं होतं.

भरतीत दोन-तीनदा हुकलेला मुलगा मग अभ्यासिकेत बसतो. स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, प्लास्टिकची खुर्ची, बारा-बारा तास. मान धरते, डोकं चढतं, गोळी घेतो. महिन्यात पंधरा दिवस किंवा त्याहून जास्त साधी वेदनाशामक गोळी तीन महिने घेत राहिलं, तर त्या गोळीनंच डोकेदुखी जडू शकते, ही गोष्ट पुस्तकात आहे आणि अभ्यासिकेत कुणाला ठाऊक नाही. हा विषय मी इथंच सोडतो. तो एका एमपीटीचा प्रबंध आहे, कुणीतरी घ्यावा.

मुलींविषयी मात्र थांबून बोलायला हवं.

गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६२ स्त्रियांची पाहणी करून २००६ साली पाळीतल्या वेदनेवर निबंध लिहिला. निम्म्याहून अधिक जणींना पाळीत दुखत होतं. त्यात नवल नाही. नवल आपल्या वागण्यात आहे, की इतकं सार्वत्रिक दुखणं असूनही त्याची नोंद कुठल्याही हजेरीपटावर नसते. मुलगी महिन्यातले दोन दिवस वर्गात नसते आणि पटावर तो साधा खाडा दिसतो. आई म्हणते, ‘मलाही दुखायचं, लग्नानंतर कमी होतं.’ काहींचं होतंही. ज्यांचं होत नाही त्यांच्यापुढं या महाराष्ट्रात काय वाढून ठेवलंय ते २०१९ साली सगळ्यांनी पाहिलं.

दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर येतात. आपल्या कारखान्यांच्या शिवारात कोप्या उभ्या राहतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, पहाटेपासून तोडणी आणि मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं. एक दिवस खाडा झाला तर दंड. अशा ठिकाणी पाळीतलं दुखणं, अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटातली कळ यांना जागाच नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायका होत्या. दुखतंय म्हणून अवयव काढला, आणि अनेकींच्या बाबतीत त्यानंतरही दुखत राहिलं, वर उष्णतेच्या झळा आणि हाडांची दुखणी आली. या समितीचा अहवाल बीडचा आहे, पण ऊस आपला होता. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या शेतांतून तो तोडला गेला, आणि साखर आपण खाल्ली.

त्या कोप्यांत तेरा-चौदा वर्षांच्या मुलीही असतात. धाकटी भावंडं सांभाळतात, पाणी भरतात, वेळेला कोयताही धरतात. आपल्या पाहण्यांत त्या सापडत नाहीत. गावच्या शाळेच्या पटावर त्या हंगामात गैरहजर, आणि इथल्या शाळेच्या पटावर बहुतेक नसतातच. ज्युनिअर कॉलेजात जाऊन नमुना घेणाऱ्याला त्या भेटणार कुठून? त्यांना गाठायचं तर प्रबंधाचं वेळापत्रक गळीत हंगामाशी जुळवावं लागेल. आपल्याकडे ते विद्यापीठाच्या परिपत्रकाशी जुळतं.

इथं कुणी विचारेल, की हे सगळं शरीराचं झालं. मन मध्ये कुठून आलं? दोन जुने अभ्यास सांगतो. बंगळूरच्या रघुराम आणि मिचेल वाइस यांनी १९९६ साली मानसोपचाराच्या ओपीडीतल्या ऐंशी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उदासपणाची लक्षणं जितकी जास्त, तितकी लोकांची लाज जास्त. आणि अंगदुखीसारख्या शारीरिक तक्रारी जितक्या जास्त, तितकी लाज कमी. माणूस मूर्ख नसतो. कुठल्या दारानं गेलं तर अपमान होणार नाही हे त्याला कळतं, आणि मनाचं दुखणं तो शरीराच्या दारानं आत आणतो. दुसरा अभ्यास पुन्हा गोव्याचा, २००५ सालचा, सतत थकवा जाणवणाऱ्या स्त्रियांचा. जवळपास अडीच हजार स्त्रियांत १२.१ टक्के जणींना सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा होता. आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं : रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या द्या. त्या अभ्यासात थकव्याचा संबंध गरिबीशी, घरातल्या छळाशी, मनाच्या अस्वास्थ्याशी लागला. हिमोग्लोबिनशी लागला नाही. रक्त कमी नसतं असं मी म्हणत नाही. आपल्या भागात ते कमीच असतं, आणि गोळ्या द्यायलाच हव्यात. पण गोळी दिली की चौकशी संपली, ही सवय वाईट.

उलट दिशेनंही तेच. सहा महिने कंबर दुखणारा मुलगा झोपत नाही, मित्रांत जात नाही, अभ्यासात मागं पडतो. त्याला ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची सुप्रसिद्ध चाचणी दिली, तर झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं हे प्रश्न त्याच्या दुखण्यानंच भरून येतील. दहा गुण झाले की उदासीनता असल्याचा संशय धरायचा, असा प्रघात. तो आजारी आहे की नुसता जागा आहे, हे त्या बेरजेवरून कळत नाही. म्हणून दुखण्याचा आणि मनाचा प्रश्न एकाच मुलाला, एकाच बैठकीत, एकाच माणसानं विचारायला हवा, आणि तीन महिन्यांनी परत जाऊन पुन्हा विचारायला हवा. आधी काय आलं आणि मागून काय आलं, ते एका भेटीत दिसत नाही. आपले बहुतेक प्रबंध एका भेटीचे आहेत.

याच चाचणीतला नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे. समजा, वर्गात साठ मुलं फॉर्म भरतायत, बाकावर शेजारीण डोकावतेय, पुढं वर्गशिक्षिका उभ्या आहेत, आणि एका मुलीनं नवव्या प्रश्नापुढं ‘जवळजवळ रोज’वर खूण केली. चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं काय करायचं? फॉर्म गठ्ठ्यात घालून बसस्टँड गाठायचा आणि आठवड्यानं मास्टर चार्टमध्ये तीनचा आकडा टाकायचा? राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार लागतो. सह्या आपण नीट घेतो. पण खूण दिसल्यावर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार कक्षात कोण भेटेल, १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनच्या क्रमांकावर मुलीला आपल्यासमोर बोलायला देता येईल का, याचा एक कागद सिनॉप्सिसला जोडलेला असायला हवा. तो नसेल तर समितीनं परवानगी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तर ऐकून घ्यायची सोय नसेल तर प्रश्न विचारू नये.

थोडं विषयांतर करतो. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, कबड्डीत नाव काढलं, साताऱ्यात दवाखाना चालवला, आणि मग उरलेलं आयुष्य देवऋषी आणि बुवांच्या विरोधात घालवलं. अंगात येणं, भानामती यांच्यामागं बहुतेक वेळा मनाचा कोंडमारा असतो, हे त्यांच्या चळवळीनं गावोगाव सांगितलं. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट नोंदवतो. देवऋषी पहिल्यांदा विचारतो, ‘कधीपासून दुखतंय? त्या वेळी घरात काय झालं होतं? घरात कोण कोण आहे?’ उपाय तो भयंकर सांगतो, पैसे उकळतो, कधी जीवही घेतो. पण हे तीन प्रश्न आपल्या ओपीडीत विचारायला वेळ नसतो, आणि लोक तिकडे जातात त्याचं निम्मं कारण तिथं आहे. दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी हे प्रश्न डॉक्टरांच्या पोरांनी विचारायला लागावं.

आणि ही पोरं तरी कोण? आपल्या २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणानुसार पंधरा ते एकोणतीस वयाची व्यक्ती तरुण. म्हणजे प्रश्न विचारणारा स्वतःच नमुन्यात बसतो. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कृतिदलानं २०२४ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत पाच हजारांहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली, आणि त्यातल्या जवळपास ३१ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगितलं. अशा पाहणीला ज्यांना त्रास आहे ते जास्त उत्तर देतात, म्हणून हा आकडा सगळ्यांना लावू नये. पण निम्मा धरला तरी झोप उडावी. छत्तीस तास उभं राहिलेला निवासी डॉक्टर दुसऱ्याला विचारतोय, ‘तुमची झोप पुरेशी होते का?’ त्याची स्वतःची पाठ भिंतीला टेकलेली असते.

मागं वळून मी जेव्हा प्रबंधांच्या या कपाटांकडे पाहतो, तेव्हा मला निधीची कमतरता दिसत नाही. नवी संस्था काढा असंही मी म्हणणार नाही. उद्घाटनाच्या कोनशिला आपल्या भागात पुष्कळ झाल्या. माझी सूचना अगदी लहान आहे. कराड, मिरज, सांगली, सातारा इथल्या चार वेगवेगळ्या विभागांतल्या चार विद्यार्थ्यांनी एकच गाव किंवा एकच महाविद्यालय वाटून घ्यावं. फिजिओथेरपीवालीनं दुखणं मोजावं, मानसशास्त्रवाल्यानं मन, सामाजिक वैद्यकशास्त्रवाल्यानं घर आणि रक्त, आणि मानसोपचाराच्या निवासी डॉक्टरनं आठवड्यातून एक दिवस तिथं येऊन बसावं. फॉर्म एक. ओळखीचा क्रमांक एक, नाव कुठंही नाही. प्रबंध चार होऊ देत. विद्यापीठाला चारच हवेत. तीन महिन्यांनी परत जाणं सक्तीचं, आणि सहाव्या महिन्यात निष्कर्ष त्याच मुलांच्या वर्गात जाऊन त्यांच्या बोलीत सांगणंही सक्तीचं. मुलं आपल्याविषयीचं ऐकताना जे प्रश्न विचारतील, त्यातून पुढच्या वर्षीच्या सिनॉप्सिस निघतील. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या दीर्घकालीन वेदनेवर व्यायामोपचार, मानसोपचार आणि औषधं यांची सांगड घालायला सांगितलं आहे. तिथं सांगड उपचाराची आहे, आणि ती घालणारे हात तयार व्हायचे तर त्यांनी विद्यार्थी असतानाच एकमेकांचं काम पाहिलेलं असलं पाहिजे.

अडचणी मला माहीत आहेत. मिरजेचं महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली, कृष्णाचं विद्यापीठ स्वतंत्र, मानसशास्त्राचे विभाग शिवाजी विद्यापीठाकडे किंवा साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाकडे. एका फॉर्मला तीन-चार नैतिकता समित्यांच्या परवानग्या लागतील, आणि प्रत्येक समिती एकेक शब्द बदलायला सांगेल. अनेक केंद्रांवर चालणाऱ्या संशोधनासाठी समित्यांनी एकत्र विचार करावा अशी तरतूद २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ती वापरायला समित्यांच्या सचिवांना एकदा समोरासमोर बसवावं लागेल. मिरज त्यासाठी सोयीचं आहे. पुण्याकडची गाडी सातारा, कराड, सांगली करत तिथंच येते, आणि कोल्हापूरकरांना तर ते तासाभरावर. पुढच्या सिनॉप्सिस जमा व्हायच्या आत ही बैठक झाली पाहिजे. नंतर झाली तर वर्ष गेलं. चहा-नाश्त्याचा आणि गाडीभाड्याचा खर्च या व्याख्यानमालेच्या विश्वस्तांनी उचलावा, अशी मागणी मी इथंच सर्वांदेखत करतो. आजचं माझं मानधन त्या खर्चात वळतं करून घ्यायला माझी हरकत नाही.